तोंड म्हणजेच भाषा

पन्नाशी जवळ आल्यावर मी ओरोमो भाषेची मुळाक्षरं गिरवायला घेतली, हे कळल्यावर घरच्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, "त्याचा उपयोग काय?" नोकरीत उपयोग नाही, तिकडे जायचंही ठरलेलं नाही. पण मी ज्या शहरात वाढलो ते मलिक अंबरने वसवलं. भडकल दरवाजा त्याचा, डोंगरातलं पाणी शहरात आणणारी नहर त्याची. आम्ही त्याला 'हबशी' म्हणतो आणि तिथेच थांबतो. हबशी म्हणजे इथियोपियाचा, एवढंच माहीत. त्या एका शब्दाच्या पोटात ऐंशीहून अधिक भाषा आहेत, हे मला फार उशिरा कळलं. शहरात शिकायला आलेला एक इथियोपियन तरुण मशिदीत ओळखीचा झाला. तो ओरोमो. आमच्याकडे जेवायला येऊ लागला आणि जेवणानंतर शिकवणी सुरू झाली.

पहिला शब्द त्याने सांगितला तो 'अफान'. अर्थ तोंड. आणि भाषाही. अफान ओरोमो म्हणजे ओरोमो लोकांचं तोंड. उर्दूत जीभ आणि भाषा दोन्हींना 'जबान'च म्हणतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढे. इथियोपियाच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश लोक ओरोमो, उत्तर केनियातही ही भाषा बोलतात. तरी इतक्या कोटी तोंडांची ही भाषा एकेकाळी शाळेत, कचेरीत, छापखान्यात चालत नव्हती. सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत राज्याची भाषा अम्हारिक होती आणि ओरोमो घरात, बाजारात, शेतात बोलायची, लिहायची नाही. 1974 मध्ये ती राजवट गेली. त्यानंतरच्या लष्करी सरकारने छापायला परवानगी दिली, पण गीझ लिपीत, म्हणजे अम्हारिकच्या लिपीत. आज चालते ती रोमन अक्षरांची 'कुबे' लिपी 1991 मध्ये अधिकृत झाली.

कुबे समोर ठेवली की इंग्रजी शिकलेल्या माणसाला ओळखीचं घर वाटतं. ए, बी, सी, डी सगळी मंडळी हजर. पण आत गेलं की कळतं, नावं तीच, माणसं वेगळी. 'सीएच' म्हणजे आपला चार मधला च. नुसता 'सी' मात्र वेगळाच: च म्हणताना गळा बंद करायचा, श्वास रोखायचा आणि आवाज तोंडातून टिचकीसारखा सोडायचा. 'चफ्फे' म्हणजे कुरण, आणि ओरोमियाच्या विधिमंडळाचंही नाव तेच. त्यातला च असा टिचकीचा. 'एक्स'चा इंग्रजीतल्या एक्सशी काही संबंध नाही, तो टिचकीचा त. 'क्यू' टिचकीचा क. 'पीएच' पाहून फ म्हणायला जावं तर तो टिचकीचा प.

आपल्या मराठी तोंडाला इथे उलटं वागावं लागतं. आपण ख, थ, फ म्हणताना श्वास मोकळा सोडतो. ओरोमोचे हे वर्ण श्वास अडवून म्हणायचे. माझ्या शिक्षकाने पणती पेटवायला लावली. "थ म्हटल्यावर ज्योत हलते. एक्स म्हटल्यावर ती हलता कामा नये." बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिची ज्योत माझ्याआधी स्थिर राहिली.

'डीएच' हा तर ध नव्हे, ढ नव्हे. जीभ ड ला वळवायची आणि हवा बाहेर फेकण्याऐवजी किंचित आत ओढायची. सत्याला ओरोमोत 'डुगा' म्हणतात आणि त्याची सुरुवात या वर्णाने होते. उल्हासनगरच्या सिंधी माणसाला हा वर्ण शिकवावा लागणार नाही. त्याच्या भाषेत तो आहे, आणि देवनागरीत सिंधी लिहिताना ड खाली रेघ देऊन तो दाखवतात.

काही गोष्टी मात्र मला फुकट मिळाल्या, त्या लहानपणी मदरशात गिरवलेल्या कायद्यामुळे. ओरोमोत स्वर पाच, पण प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ. दीर्घ असेल तर अक्षर दोनदा लिहायचं. 'लफ' म्हणजे जमीन, त्यातला शेवटचा अ आपल्या घर, मन सारखा गिळायचा नाही. 'लाफा' म्हणजे मऊ. व्यंजनावर जोर असेल तर तेही दोनदा: 'बदा' म्हणजे वाईट, 'बद्दा' म्हणजे डोंगराळ थंड मुलूख. ज्याने मद आणि तशदीद शिकताना उस्तादांची छडी पाहिली आहे, त्याला यात नवीन काही नाही. दोन स्वरांच्या मध्ये एक स्वल्पविरामासारखी खूण येते, तिला 'हुढा' म्हणतात. तिथे आवाज क्षणभर तोडायचा. बकरीला 'रे'ए' म्हणतात. रे म्हणा, थांबा, ए म्हणा. हा आपला हमजाच.

शब्दही भेटत गेले. पुस्तक म्हणजे 'किताबा', शुक्रवार 'जिमाता', मन किंवा भान म्हणजे 'कल्बी'. अरबीतल्या कल्बचा काफ ओरोमोत क्यूने लिहितात, पण तो घशाच्या मुळाशी न जाता टिचकीचा क होतो. एखाद्या कडक कारीला हे खटकेल. मला तो किस्सा आठवला, जो आपल्याकडे बयानात हटकून ऐकू येतो: हजरत बिलाल हबशी होते, त्यांना शीन म्हणता येत नसे, आणि तरी त्यांचा सीन अल्लाहजवळ शीनच. हदीसच्या जाणकारांनी ही कथा निराधार ठरवली आहे. बिलाल यांचा आवाज आणि उच्चार उत्तमच होता म्हणून तर अजान त्यांच्याकडे आली. तरी शतकानुशतकं लोक ती सांगतात. हबशाचं तोंड कुठेतरी अडणारच, हे आपण गृहीत धरलेलं असतं. त्या तोंडात आपल्याला न येणारे किती वर्ण आहेत, हे पणतीसमोर बसल्यावर कळतं.

ओरोमो लिहिण्याची धडपड 1991 ला सुरू झाली नाही. वोलो आणि हरारच्या बाजूचे मुसलमान आपली भाषा अरबी अक्षरांत लिहीत. ओनेसिमोस नेसिब लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, सुटल्यावर ख्रिस्ती झाला, आणि आस्तेर गन्नो या स्वतःही गुलामीतून सुटलेल्या बाईच्या मदतीने त्याने बायबलचं ओरोमो भाषांतर केलं. ते 1899 मध्ये गीझ लिपीत छापलं गेलं. पण गीझमध्ये जोराचं व्यंजन वेगळं दिसत नाही, स्वरांची लांबीही नीट उतरत नाही. अरबीत ए आणि ओ ला स्वतंत्र खुणा नाहीत. दोन्ही कपडे उसने, दोन्ही कुठेतरी तोकडे.

म्हणून हरारगेच्या शेख बकरी सपालो यांनी नवेच कपडे शिवले. ते आलिम होते, अरबी आणि ओरोमोत काव्य करत, विद्यार्थ्यांना शिकवत. 1956 च्या सुमारास त्यांनी ओरोमोसाठी स्वतःची लिपी तयार केली, तिच्या ध्वनींना मापात बसणारी. विद्यार्थी ती शिकू लागले, एकमेकांना पत्रं लिहू लागले. सरकारला हे रुचलं नाही. शेखना डिरे दावात नजरकैदेत ठेवलं गेलं. पुढे ते सोमालियात निर्वासित झाले आणि 1980 मध्ये तिथल्या छावणीतच वारले. त्यांच्या नावातल्या 'सपालो'मध्ये तो टिचकीचा प आहे. आज त्यांचं नाव लिहितात ते त्यांच्या लिपीत नाही, कुबेत. पण त्या प ला कुबेने जागा दिली आहे.

हे वाचताना मला आपली मराठी आठवत राहिली. फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. दफ्तरं मोडीत होती. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेले. म्हणजे भाषेने कुणाचा धर्म विचारला नाही, अंगावर कुठलंही अक्षर घेतलं. तरीही माझं नाव ऐकून माणसं आजही म्हणतात, "अरे वा, मराठी छान बोलता हो!" बोलणारा प्रेमानेच बोलतो. पण त्या शाबासकीत मला पाहुण्याची खुर्ची दिलेली असते. माझी आजी ओवी म्हणत जात्यावर बसायची, तिला कुणी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही.

हे मी शिक्षकाला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्याच्या देशात मुसलमान ओरोमो आहेत, ख्रिस्ती आहेत, जुना वाक धर्म पाळणारेही आहेत. कुबे सगळ्यांची एकच. त्याच्या आजोबांना लिहिता येत नव्हतं. वडिलांना येतं, पण अम्हारिक. शाळेत तेवढंच शिकवलं. घरात ओरोमो बोलणारे वडील गावाबाहेर गेले की घरी पत्र अम्हारिकमध्ये लिहायचे, आणि आजीला ते दुसऱ्याकडून ओरोमोत सांगून घ्यावं लागायचं. मुलाचं पत्र, आईसाठी, आणि मध्ये दुभाषी. हा मुलगा कुबेत शिकलेल्या पिढीतला. घरात आईच्या भाषेत लिहिणारा पहिला तोच. 2020 मध्ये सरकारने ओरोमोला संघराज्याच्या कामकाजाच्या भाषांमध्ये घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने पहिला फोन वडिलांना केला होता.

पत्राला ओरोमोत 'तलया' म्हणतात, सुरुवात एक्सने. मागच्या आठवड्यात मी चार ओळींचं तलया लिहून त्याच्या वडिलांना पाठवलं: नाव, गाव, तुमचा मुलगा बरा आहे, शेवटी 'गलतोमा', म्हणजे मोठ्यांना म्हणायचं धन्यवाद. वडिलांनी ते स्वतः वाचलं. साठीनंतर नातवाच्या पुस्तकावरून ते कुबे शिकताहेत. आता उपयोग विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की तिकडे माझ्याच इयत्तेत आणखी एक विद्यार्थी आहे.