खेळपट्टी चोपणारे हात

भारतातली पहिली कसोटी ज्या मैदानावर झाली, तिथे पुन्हा कसोटी झालीच नाही. आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाचा बॉम्बे जिमखाना. 15 डिसेंबर 1933 रोजी सी. के. नायडूंचा संघ इथे जार्डिनच्या इंग्लंडविरुद्ध उतरला. जार्डिन जन्माने मुंबईकर, मलबार हिलचा. प्रेक्षकांसाठी तात्पुरते स्टँड बांधले होते. दुसऱ्या डावात लाला अमरनाथांनी 118 धावा केल्या. त्यांची ती पहिलीच कसोटी आणि भारतीयाचे पहिले कसोटी शतक. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला, पण लोकांनी मनात जपले ते शतकच. ते झाले अशा जागी, जिथे भारतीयांना सभासद होता येत नव्हते.

पुढे 1937 साली ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले, 1948 पासून कसोट्या तिकडे गेल्या आणि 1975 मध्ये वानखेडेवर. तिन्ही मैदाने पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

कसाऱ्याच्या लोकलने खडवलीहून सीएसएमटीला उतरले की वेळ काढून मी त्या बाजूला जाते. आझाद मैदानावर एकात एक गुंतलेले कितीतरी सामने चाललेले असतात. एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाशेजारी उभा. याच भागात एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांचे पोलोचे घोडे धावत. टापांनी जमीन उखडायची आणि त्या खड्ड्यांत पारशी, हिंदू पोरांनी क्रिकेट खेळायचे. पोलो थांबवा म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी 1897 साली त्या लढ्यावर पुस्तकच लिहिले.

मला त्या उखडलेल्या जमिनीचे दुःख कळते. आमच्याकडे भातकापणी झाली की खाचरातच मैदान होते. पोरे आधी धसकटे उपटतात, ढेकळे फोडतात, भातसा नदीचे पाणी कळशीने शिंपडतात आणि घरून आणलेल्या चोपण्याने तासन्‌तास जमीन चोपतात. अंगणासारखी सपाट झाली की मग स्टंप. बांध ओलांडला की चौकार. पहिल्या पावसात ते सगळे चिखलात जाते. चोपणाऱ्याला बऱ्याचदा फलंदाजी शेवटीच मिळते.

म्हणून अमरनाथांच्या आधी मला पालवणकर बाळू आठवतात. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात रोलर फिरवायचा, खेळपट्टी राखायचा आणि तिथल्या कॅप्टन ग्रेग या फलंदाजाला सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. फलंदाजी त्याला करू देत नसत. पुढे हिंदूंच्या संघात आल्यावरही त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडू मात्र सगळ्यांच्या हातातून त्याच्याकडे जायचा. तो विटाळत नव्हता! 1906 साली हिंदूंनी बॉम्बे जिमखान्याच्या गोऱ्या संघाला 109 धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम दोघेही संघात होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तिसरा भाऊ विठ्ठल 1923 साली हिंदूंचा कर्णधार झाला, संघ चौरंगी स्पर्धा जिंकला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याच्याहून मोठ्या असलेल्या बाळूंना ते कर्णधारपद कधीच दिले गेले नाही.