छप्पन्नाचे चौसष्ट

गेल्या वैशाखांत आमच्या जळगांवच्या घरीं एका यंत्राची प्रतिष्ठापना झाली. प्रतिष्ठापना हा शब्द मी विनोदानें योजीत नाहीं. माजघराशेजारची खोली त्यासाठीं रिकामी केली, तिला चुना लावला, विजेची नवी तार ओढून घेतली. आणि तो मदरबोर्ड मुंबईहून ज्या दिवशीं आला त्या दिवशीं आमच्या वहिनी हळदकुंकवाची कोयरी घेऊनच पुढें झाल्या. "आई, वाहायचं तर खोक्यावर वहा, आंत नको," असें म्हणून पुतण्यानें ती वेळ निभावून नेली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पाठशाळेंत थोडें संस्कृत झालेला, आणि धुळ्यास मुलांना शब्द चालवावयास लावण्यांत हयात घालविलेला मनुष्य. अशानें सर्व्हर नांवाच्या यंत्रावर लिहावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्याच्या उभारणींत माझ्या हातून एक अपराध घडला, आणि तो सांगावयाचा तर यंत्राचीहि थोडी ओळख करून देणें भाग आहे.

धुळ्यांत राहिलेल्या माणसाला जुन्या कागदांची हांव सुटतेच. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देह ठेवला. त्यांच्या मागें त्यांच्या नांवानें निघालेलें संशोधन मंडळ तेथेंच आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली तीहि तेथेंच, आणि रामदासी बाडें मठामठांतून गोळा करून त्यांनीं धुळ्यासच आणलीं. आमच्या तीर्थरूपांना हाच नाद होता. पोथी हातीं आली कीं ते ती उतरून काढीत. त्यांच्या मागें अशा एकेचाळीस वह्या राहिल्या. सहा वर्षांपूर्वीं पुतण्यानें त्यांतील कांहींचीं छायाचित्रें घेऊन एकाच डिस्कवर ठेवलीं, आणि ती डिस्क एका उन्हाळ्यांत मुकी झाली. पुन्हां काढूं म्हणतां म्हणतां पावसाळा आला व मूळच्या सात वह्यांना वाळवी लागली. त्या सात वह्यांचें आतां या जगांत एक पानहि नाहीं.

त्या दिवसापासून पुतण्यानें हाच व्यवसाय केला. पारोळें, एरंडोल, अमळनेर, जेथें जेथें जुनें बाड असेल तेथें जाऊन तो पानांचीं छायाचित्रें घेतो. पण छायाचित्र घेतल्यानें काम संपत नाहीं. वांकडें पान सरळ करावयाचें, डाग काढावयाचे, छापील असेल तर यंत्राकडून अक्षरें वाचवून घ्यावयाचीं. त्याच्या जुन्या संगणकाला एका ग्रंथास रात्र पुरत नसे. म्हणून हा दोन प्रोसेसरांचा मदरबोर्ड. (याला मीं 'मातृफलक' असा शब्द सुचविला होता. पुतण्या इतका हंसला कीं, मीं तो परत घेतला.)

दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग अशी माझी समजूत होती. ती बरोबर नव्हती. तीर्थरूप आणि आमचे चुलते मिळून एखादी पोथी उतरीत तेव्हां पानें वांटून घेत. पोथी निम्म्या दिवसांत होई, परंतु एकच पान दोघांनीं लिहावयास घेतलें असतें तर बोरू बोरूवर आपटण्यापलीकडे कांहीं झालें नसतें. येथेंहि तसेंच आहे. पुतण्यानें घेतलेले प्रोसेसर इंटेल कंपनीनें २०१६ सालीं काढलेल्या जातीचे, मोठ्या कचेरींतून उतरलेले, जुन्या बाजारांतले. प्रत्येकांत दहा गाभे. म्हणजे वीस लेखक मांडीला मांडी लावून बसले. हजार सुटीं पानें असतील तर त्यांचा उपयोग. एकुलतें एक पान असेल तर एकोणीस जण माशा मारीत बसणार.

हा विचार नवा नाहीं. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला तोहि चौसष्ट घटकांना एकत्र जुंपून. आणि त्याच संस्थेनें दोन प्रोसेसर बसतील असा स्वतःचा 'रुद्र' नांवाचा सर्व्हर रचला. त्यांपासून केलेले 'परम रुद्र' महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजीं पुणें, दिल्ली व कलकत्ता येथें राष्ट्रास अर्पण झाले. पुण्याचा जो आहे तो खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामीं लागतो. आमचें यंत्र त्यांच्यापुढें म्हणजे सागरापुढें पळी. परंतु पळींतलेंहि पाणीच.

आतां बोर्ड कसा होता तें सांगतों. सुमारें बारा इंच रुंद, तेरा इंच लांब. मधोमध दोन चौकोनी आसनें, त्यांना सॉकेट म्हणतात. प्रत्येक आसनांत २०११ पिना. केंसासारख्या बारीक, सर्व एकाच बाजूस किंचित् झुकलेल्या, वाऱ्यानें कललेल्या गव्हाच्या शेतासारख्या. प्रोसेसर वरून अलगद ठेवावयाचा, त्याच्या कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण आसनाच्या खुणेशीं जुळवावयाची, दाब मुळींच द्यावयाचा नाहीं. पहिलें आसन रिकामें ठेवून दुसऱ्यावर बसतां येत नाहीं. पहिला नसेल तर यंत्र जागेंच होत नाहीं. दुसरा नसला तर चालतें, मात्र त्याच्या वांट्याच्या कांहीं खांचा निर्जीव राहतात. बोर्डाखालीं पितळी खुंट लावतात, ते भोंकांशीं नेमके जुळले पाहिजेत. एखादा जास्तीचा राहिला तर पाठीमागून टेंकून वीज नको तेथें जाते. विजेच्या मोठ्या जोडणीखेरीज प्रत्येक प्रोसेसरास आपली निराळी जोडणी लागते. मग प्रोसेसरावर हरभऱ्याच्या डाळीएवढा उष्णतावाहक लेप, त्यावर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, आणि त्याचे स्क्रू एकदम एका बाजूचे न आवळतां समोरासमोरचे थोडे थोडे. या सर्व विधींत मी दिवा धरून उभा होतों.

मेमरीच्या पट्ट्या आठ होत्या, प्रत्येकीं ८ जीबी. चार एका प्रोसेसराजवळ, चार दुसऱ्याजवळ. कारण प्रत्येकाची मेमरी त्याची स्वतःची असते. शेजाऱ्याच्या मेमरींतलें हवें असलें तर मागतां येतें, पण पडवी ओलांडून जावें लागतें व वेळ मोडतो. एकत्र घरांतल्या दोन चुलींचें जें असतें तेंच.

या पट्ट्यांविषयीं पुतण्यानें जें सांगितलें त्यानें मी उठून बसलों. माहितीच्या दर ६४ अंशांमागें आणखी ८ अंश केवळ साक्षीसाठीं ठेवलेले असतात. कांहीं कारणानें चौसष्टांतल्या एका अंशाचें शून्याचें एक झालें तर साक्षीवरून कोणता अंश फिरला तें कळतें व तो जागच्या जागीं सुधारला जातो. दोन फिरले तर सुधारतां येत नाहीं, परंतु चूक झाली एवढें निश्चित कळतें. वाचकहो, आमच्या वैदिकांनीं दुसरें काय केलें? संहिता झाली कीं पदें सुटीं म्हणावयाचीं. मग क्रम: पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें. मग जटा: पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें. मग घन, त्यांत तिसरेंहि येऊन मिळतें आणि तिन्ही पदें सुलट, उलट, सुलट फिरतात. एके ठिकाणीं पद ढळलें तर दुसऱ्या ठिकाणीं त्याची चहाडी होतेच. कागदाच्या कपट्यावांचून वेद टिकले ते या साक्षींवर. मीं हें आवेशानें सांगितलें तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, पण तुमची पद्धत फार खर्चाची. आम्ही आठांमागें एकच साक्षीदार ठेवतो." असो.

तर त्या दुपारची गोष्ट. वैशाखांत जळगांवचें ऊन काय असतें हें खानदेशच्या वाचकांस सांगावयास नको. धूळ उडूं नये म्हणून पंखा बंद. पहिला प्रोसेसर बसला होता, दुसरें आसन उघडें होतें, आणि पुतण्या टेलिफोन आला म्हणून बाहेर गेला. घामाचा थेंब त्या आसनांत पडेल या भीतीनें मीं खांद्यावरच्या पंच्यानें कपाळ टिपलें व तसाच पुढें वांकलों. पंच्याची दशी आसनाला लागली. मागें घेतांना किंचित् ओढ जाणवली. एक सूत तुटलें असावें. मीं चष्मा सरसावून पाहिलें. कांहीं दिसलें नाहीं. पुतण्या आला, त्यानें दुसरा प्रोसेसर ठेवला, झांकण मिटलें. मी कांहीं बोललों नाहीं.

संध्याकाळीं कळ दाबली. पंखे गरजले, पडदा मात्र काळाच. दोन मिनिटें गेलीं, तीन गेलीं. "बिघडलं का रे?" वहिनींनीं दारांतून विचारलें. पुतण्या शांत होता; पहिल्या खेपेस यंत्र प्रत्येक पट्टीची चाल शिकून घेतें, त्यास वेळ लागतो, घाईनें बंद करूं नये, असें म्हणाला. आणि खरेंच अक्षरें उमटलीं. दोन्ही प्रोसेसर दिसले. मेमरीपुढें मात्र आंकडा होता ५६.

आठ अठ्ठे चौसष्ट. एक पट्टी हिशेबांत नव्हती.

पुढचे दोन दिवस पुतण्यानें जें केलें तें पाहून मला न्यायशास्त्रांतला अन्वय-व्यतिरेक आठवला. न दिसणारी पट्टी काढून त्यानें दुसऱ्या खांचेंत घातली. तेथें ती दिसली. चांगली पट्टी त्या खांचेंत घातली. ती दिसेनाशी झाली. म्हणजे दोष पट्टीचा नव्हे. मग दोन्ही प्रोसेसरांची अदलाबदल केली. दोष जागचा हलला नाहीं. म्हणजे प्रोसेसराचा नव्हे. राहतां राहिलें दुसरें आसन. प्रत्येक पायरीबरोबर तो तर्क माझ्या दिशेनें एकेक पाऊल येत होता, आणि मी वर्तमानपत्र तोंडापुढें धरून बसलों होतों.

भिंग लावून पाहतां एक पिन शेजारणीवर कललेली सांपडली. पुतण्याचा संताप अनावर झाला. मुंबईच्या व्यापाऱ्यास त्यानें टेलिफोन केला. व्यापाऱ्यानें बोर्ड बांधण्यापूर्वीं काढलेलें छायाचित्र पाठविलें. त्यांत सर्व पिना सरळ. पुतण्या म्हणाला, हें छायाचित्र दुसऱ्याच बोर्डाचें आहे, तुम्ही फसवणूक करतां. पलीकडचा आवाज कोंवळा होता. तो मुलगा शेवटीं म्हणाला, "साहेब, निम्मे पैसे देतो, पण फसवलं म्हणूं नका."

शाळेंत एका मुलानें भूगोलाचा गोल फोडून मौन धरलें होतें, तेव्हां मीं सगळ्या वर्गाला सत्यावर पाऊण तास व्याख्यान दिलें होतें. फोडण्याहून गप्प बसणें वाईट, असें त्यांत एक वाक्य होतें. तो मुलगा आज कोठें असेल कोण जाणे. त्या रात्रीं मला तोच दिसत होता.

सकाळीं चहाच्या वेळीं मीं सांगितलें. "अरे, ती पिन माझ्या पंच्यानें ओढली गेली. तूं बाहेर गेला होतास तेव्हां." पुतण्यानें कप खालीं ठेवला. "काका, मग तीन दिवस..." एवढें बोलून तो थांबला. दादा, माझे वडीलबंधु, ओट्यावर होते. त्यांनीं ऐकलें, पण तेहि बोलले नाहींत. थोड्या वेळानें पुतण्या आंत जाऊन मुंबईला टेलिफोन करूं लागला. "चूक आमच्याकडची आहे, माझ्याच हातून झाली, काल बोललों त्याबद्दल माफ करा," असें तो म्हणाला. माझें नांव त्यानें घेतलें नाहीं. घेतलें असतें तर मला बरें वाटलें असतें. दुपारीं मींच त्या व्यापाऱ्यास पत्र लिहिलें व घडलें तें सारें कळविलें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे चारला, गारवा असतांना, आम्हीं पिन सरळ केली. वीज काढली, ठोकळा उतरविला, लेप पुसला, प्रोसेसर उचलला. वहिनींनीं सुयांच्या पुडींतली सर्वांत बारीक सुई दिली. पोथ्या लावण्याचें माझें मोठें भिंग होतेंच. "तुम्ही करतां? तुमची नजर बारकाव्याची," पुतण्या म्हणाला. माझा हात कांपतो, मीं नकार दिला. त्यानें श्वास रोखून त्या पिनेला सुईनें केंसभर उचललें, थांबला, पुन्हां केंसभर. फार वांकविली तर मोडते, आणि मोडली कीं बोर्ड गेला. वीस मिनिटें लागलीं. मीं दिवा धरला होता. अंगावर पंचा नव्हता.

पडदा काळा राहिला तीं मिनिटें मीं मोजलीं नाहींत. ६४ आले.

बाकीची जुळवाजुळव त्यानें एका दिवसांत उरकली. प्रत्येक प्रोसेसरानें होतां होईल तों आपलीच मेमरी वापरावी अशी योजना ठेवली. बोर्डावर एक तिसरा, चिमुकला संगणक असतो. मुख्य यंत्र निजलें तरी तो पहारेकऱ्यासारखा जागा राहून उष्णता, पंखे यांची खबर देतो, दुरूनहि कळ दाबूं देतो. त्याचा कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द प्रथम बदलावा, नाहींतर पहारेकरीच चोराला दार उघडतो. वहिनींना हें फार पटलें. आणि छायाचित्रांच्या आतां तीन प्रती होतात. त्यांतली एक धुळ्यास, बहिणीच्या घरीं.

तीर्थरूपांच्या उरलेल्या चौतीस वह्या यंत्रांत गेल्या आहेत. छापील पानें तें बरें वाचतें. हस्ताक्षर मात्र त्याला नीट लागत नाहीं. तीर्थरूपांचा 'ध' त्याला सर्रास 'घ' वाटतो, आणि रफार तर तें बहुधा गिळूनच टाकतें. म्हणून रोज सकाळीं दोन तास मी त्या खोलींत बसून एकेक ओळ मूळ पानाशीं ताडून सुधारतों. सध्यां अकरावी वही चालू आहे. दाराबाहेर वहिनींनीं एक खुंटी ठोकून ठेवली आहे. पंचा तेथें टांगून मग आंत जावयाचें असा नियम आहे.