किल्टमधली माया

माझा दादा तीस वर्षं एडिंबरात आहे आणि लग्नाकार्यात किल्ट घालतो, हे आता घरात कुणाला नवीन नाही. काकामंडळींचे झग्यावरचे विनोदही करून झालेत. असो. आज लिहायचंय ते त्या किल्टच्या कमरेबद्दल.

फार पूर्वीचा किल्ट म्हणजे न शिवलेलं लांबच लांब लोकरी कापड. निऱ्या घालून गुंडाळायचं, वरून पट्टा आवळायचा. जाड-बारीक कुणालाही व्हायचं, आपल्या नऊवारीसारखं. पुढे निऱ्या शिवल्या गेल्या आणि कंबर मापात अडकली. दादाचा आठ वारांचा आहे (एक वार कमीच!). मागे शिवलेल्या निऱ्या, पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर, उजवीकडे दोन आणि डावीकडे एक चामडी पट्टा. बक्कलाची भोकं बदलून फार तर इंच-दोन इंचांचा फरक. खिसा नाहीच, म्हणून पुढे ती स्पोरन नावाची पिशवी.

गेल्या वर्षी दादाचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. कंबर ३८ वरून ३४ वर आली. पँट आवळली तर टाके दुखायचे, सैल सोडली तर घसरायची. शिवाय सकाळचं पोट वेगळं, संध्याकाळचं वेगळं. आठवडेच्या आठवडे माणूस गाऊन घालून बसलेला. दाराची बेल वाजली की आत जायचा. मला फोनवर ते ऐकवायचं नाही.

शेवटी वहिनीने नव्या धर्तीचा किल्ट आणला. सिएटलला २००० साली युटिलिकिल्ट्स सुरू झालं, त्या जातीचा. जाड सुती कापड, घरच्या मशीनमध्ये धुता येणारं. दोन्ही बाजूंना लांब पट्टे आणि भरपूर भोकं, म्हणजे दोन्हीकडून सारखं आवळता येतं आणि निऱ्या मागे मधोमध राहतात. एकाच बाजूने ओढलं की सगळा किल्ट फिरतो. वेलक्रोवालेही मिळतात, पण त्यात धागे अडकून पकड जाते, मला ते पटत नाहीत. खिसे मात्र झकास! एकात फोन, एकात गोळ्यांची डबी. तो घालून दादा पहिल्यांदा कोपऱ्यावर दूध आणायला गेला. वहिनी खिडकीतून बघत होती म्हणे.

ऑगस्टमध्ये भाचीचं लग्न. तिथे तो काळा किल्ट नको, आठ वारीच हवा, असं भाचीने बजावलं. शिवणाऱ्या बाईंनी दोन्हीकडची बक्कलं उसवून आत सरकवली, कापडाला कात्री लावली नाही. आपले शिंपी माया ठेवतात ना, तशीच ही. दादाने विचारलं, जुन्या जागेच्या खुणा दिसतील का? बाई म्हणाल्या, "दिसू देत. वजन वाढलं की या, परत तिथेच लावून देते."