वाळवंटावरचा बर्फ

अमेरिकेतील ओरेगन राज्यात बेंड नावाचे गाव आहे. पॅसिफिकवरून येणारे ढग कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेसच रिते होतात. पूर्वेकडील बेंडच्या वाट्याला उंचावरचे कोरडे वाळवंट येते. सेजब्रशची झुडपे, जुनिपरची खुरटी झाडे आणि वर ९,०६५ फुटांचा माउंट बॅचलर हा ज्वालामुखी, एप्रिलमध्येही पांढराशुभ्र.

मुलाच्या कुटुंबासमवेत यंदा आम्ही तेथे गेलो ते नातीच्या स्नोबोर्डसाठी. गेल्या हिवाळ्यात तिचे मनगट मोडले होते. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. पडताना हातच आधी टेकतो. सूनबाईंचा स्पष्ट विरोध होता. मी मात्र मनगटाचे संरक्षक पट्टे विकत आणले. भीती मुरू दिली की व्याजासह वाढते, असे माझे मत.

वसंतातील बर्फाचे वेळापत्रक मोठे काटेकोर. रात्री तो गोठतो, पहाटे काचेसारखा टणक असतो. ऊन चढले की वरचा थर दाणेदार, भरड साखरेसारखा होतो. दुपारनंतर नुसता चिखल. नात आठलाच निघाली होती. दहापर्यंत थांबविताना माझी पुरती दमछाक झाली.

हा बर्फ वितळून सच्छिद्र लाव्हा खडकात मुरतो आणि पुढे झऱ्यांवाटे डेश्युट्स नदीस मिळतो. जुन्या बँकवाल्याला ती मुदत ठेवच वाटली!

पहिल्याच उतारावर ती पडली. सूनबाईंनी माझा दंड घट्ट धरला. नात उठली, बर्फ झटकला आणि खाली येऊन थेट लिफ्टच्या रांगेत उभी राहिली.

"एकच्या आत परत ये," एवढेच सूनबाई म्हणाल्या.