कढीपत्त्याची साक्ष

श्रावण सरत आला की कोकणात घरामागचं परसू माजतं. गडग्यावर शेवाळ, विहिरीच्या कठड्याला नेचे, पायवाट अडवून उभा राहिलेला तेरडा. सकाळी दहाच्या सुमाराला ढग फाकून ऊन पडलं की त्या ओल्या पसाऱ्यातून फुलपाखरं वर येऊ लागतात. गुहागरला आमच्या मागील दाराच्या पायरीवर बसलं की समोर कढीपत्ता, त्यापलीकडे पपनस, उजव्या हाताला कण्हेर नि तगर, गडग्यापाशी आपसूक उगवलेली रुई. या झाडांकडे बघूनच आज कोण येणार याचा अंदाज बांधता येतो. रुईवर प्लेन टायगर येणार, पपनसावर ब्ल्यू मॉरमॉन. हे निळं-काळं देखणं फुलपाखरू २०१५ सालापासून राज्याचं फुलपाखरू आहे, आणि असा मान फुलपाखराला देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य.

पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळवून फुलपाखरू ओळखायला जाणं मला पटत नाही. रंग फसवतो, कधी कधी तो फसवण्यासाठीच असतो. कढीपत्त्याभोवती घिरट्या घालणारी ती काळी मादी घ्या. मागच्या पंखांवर मधोमध पांढरे डाग, कडेला लाल चंद्रकोरी, खाली शेपट्या. कुणीही तिला कॉमन रोझ म्हणेल. कॉमन रोझची अळी सापसंदाच्या वेलीवर वाढते आणि त्या वेलीतलं विष अंगात मुरवून घेते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. आपल्या कढीपत्त्यावरची ही बाई मात्र कॉमन मॉरमॉन. तिच्या अंगात विष नाही, पण वेष सगळा रोझचा. तिचीच एखादी बहीण नरासारखी पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा घेऊन उडते, तर तिसरी क्रिमसन रोझचं सोंग घेते. एकाच जातीच्या माद्या, तीन रूपं!

मग ओळखायचं कसं? पंखांवरची नजर काढून मधल्या अंगाकडे न्यायची. रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. उडताना तेही नीट दिसत नाही. पण थोडं थांबलं तर ती कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर क्षणभर टेकते, पोट वाकवते आणि मोहरीएवढं एक पिवळसर अंडं ठेवून जाते. आता शंका उरत नाही. रोझ कढीपत्त्यावर अंडी घालायची नाही. पंख खोटं बोलत असतील, झाड खरं सांगतं.

त्या अंड्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: काळपट, मध्येच पांढरा फराटा, वर ओलसर चकाकी. कात टाकत टाकत ती पुढे हिरवीगार होते, मानेवर दोन खोटे डोळे येतात. गवताच्या काडीनं हलकेच डिवचलं की डोक्यामागून लाल, दुभंगलेलं, ओलं शिंग बाहेर येतं आणि उग्र आंबूस वास सुटतो. क्षणात ते आत जातं आणि अळी पुन्हा पान कुरतडू लागते.

"अगो, कीड पडली तुझ्या कढीपत्त्यावर. औषध मार," गडग्यापलीकडून शेजारच्या काकू सांगतात.

"असू दे हो काकू. दोन फांद्या खाईल. फोडणीपुरता उरतोच."

मला हे मनापासून वाटतं. कढीपत्ता पुन्हा फुटतो. एका फवाऱ्यात मेलेली पिढी पुन्हा येत नाही.

दिवेलागणीला परसाची पाळी बदलते. दिवसभर पालापाचोळ्यात दडलेलं कॉमन इव्हनिंग ब्राउन तेव्हा पडवीपर्यंत येतं. याची अळी गवतावर, भातावर वाढते. भाद्रपदात त्याच्या मिटल्या पंखांवर डोळ्यांसारखी ठळक वर्तुळं असतात. पौषात तेच फुलपाखरू बघा: वर्तुळं जवळजवळ पुसलेली, कडा कोरलेल्या, रंग वाळक्या पानाचा, आणि एकाचं पान दुसऱ्यासारखं नाही. पावसाळ्यातली नि कोरड्या दिवसांतली अशी दोन रूपं आहेत हे ठाऊक नसेल, तर माणूस त्यांना दोन जाती मानून मोकळा होईल.

आणि मग दिव्यावर पतंग. भारतात फुलपाखरांच्या तेराशेच्या वर जाती, पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. तरी लेकरांच्या चित्रात पतंगाला जागा नाही, याचं मला वाईट वाटतं. पतंग पाहताना मिशांकडे बघावं. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या बहुधा निमुळत्या, नाहीतर पिसासारख्या. अशा पिसारी मिशा असलेला नर अंधारात मादीचा गंध त्यांनीच टिपतो. पंख मिटलेले की पसरलेले, यावर मात्र भरवसा ठेवू नये.

कण्हेरीवरचा ओलिएंडर हॉकमॉथ तर भर दिवसाही सापडत नाही, इतका त्याचा हिरवा, गुलाबी झाक असलेला रंग पानांत मुरतो. त्याचा माग खालून काढायचा. शेंड्याची पानं गेलेली आणि मातीवर जाड काळ्या लेंड्या दिसल्या की वर निळ्या डोळ्यांची हिरवी अळी आहे असं समजावं. कोशात जायची वेळ आली की ती तपकिरी होते, खोडावरून उतरते आणि पाचोळ्यात शिरते. आमच्याकडे कण्हेरीखाली खराटा फिरतो तो दिवाळीनंतरच.