कुंडलच्या माळावरचे लोखंड

१/ पुणे–मिरज लोहमार्गावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक आहे. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते. ज्या कारखानदारामुळे ते बदलले, त्याच्यापाशी १९१० च्या आरंभी कारखाना उभारायला हक्काची जागा नव्हती. ही कथा जितकी लोखंडाची, तितकीच जमिनीची आहे.

२/ लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांतील भेद त्यांना दिसेना. रंग सुटले, रेषा राहिल्या. यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. अपेक्षित बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

३/ बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला. 'किर्लोस्कर बंधू' हे नाव तेथलेच. त्याच उद्योगातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यामागून लोखंडी नांगर.

४/ नांगर चांगला होता, गिऱ्हाईक नव्हते. लोखंड लागले की जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांत समज होता. हे केवळ इथले अज्ञान मानू नये. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये ओतीव लोखंडी नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनीही नेमकी हीच शंका काढली होती.

५/ त्या भीतीच्या पोटात व्यवहारही होता. लाकडी नांगर गावचा सुतार घडवी आणि त्याचे बलुते सुगीत धान्याने फिटे. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा. तो मोडला तर सुटा भाग कोण देणार? पण हरळी-कुंदा माजलेल्या काळ्या रानात लोखंडी फाळ खोल जाऊन माती उलथून टाकी. ते डोळ्यांनी पाहिल्यावरच, हळूहळू, मागणी सुरू झाली.

६/ धंदा सावरत असतानाच पायाखालची जमीन गेली. शहराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. भट्टी, साचे, यंत्रे, माणसे हे सारे घेऊन जायचे कोठे?

७/ अठराव्या शतकातील अमेरिकन लोहकारखानदाराला हा प्रश्न वेगळ्या रूपात पडे. कोळशासाठी जंगल, खनिजासाठी डोंगर, भात्यासाठी ओढा हवा. म्हणून तो हजारो एकर विकत घेई, आणि कित्येकदा जमिनीची सट्टेबाजी हाच त्याचा दुसरा धंदा होई. लक्ष्मणरावांना जंगल नको होते. कच्चे लोखंड रेल्वेने येई. त्यांना हवी होती फक्त अशी जागा, जिथून कोणी उठवणार नाही.

८/ ती दिली औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. लक्ष्मणरावांचे काम त्यांनी आधी पाहिले होते, आणि ते स्वतः चित्रकार होते. औंध संस्थान म्हणजे एकसंध मुलूख नव्हे. त्याचे तुकडे इतर मुलखांत विखुरलेले. त्यांपैकी कुंडलजवळचा ३२ एकरांचा माळ त्यांनी देऊ केला, भांडवलासाठी कर्जही दिले. माळावर निवडुंग आणि दगडधोंडे होते. पण शेजारून रेल्वे जात होती. १० मार्च १९१० पासून तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली.

९/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटिश मुलखात नोटीस आली; संस्थानात एका माणसाच्या शब्दावर जमीन मिळाली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा काचकारखानाही औंधच्याच आश्रयाने वाढला. मात्र जे एका शब्दावर मिळते, ते दुसऱ्या शब्दावर जाऊही शकते. संस्थानी औद्योगिकीकरणाचे बळ आणि दुबळेपण एकाच ठिकाणी होते.

१०/ पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. ज्या धातूने एके काळी गड राखले, त्याचे फाळ होऊन तो शेतांत उतरला.

११/ माळावर घरे आणि शाळा उभी राहिली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीचे काम सोपवले. १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले. कारखान्याच्या बातम्यांपासून सुरू झालेले ते पुढे मराठीतील एक मोठे मासिक झाले. मात्र घर, काम आणि शिस्त या तिन्हींची सूत्रे एकाच हाती होती, हेही नोंदवायला हवे. मालक उदार असणे आणि कामगाराला हक्क असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१२/ म्हणूनच लक्ष्मणरावांची थोरवी 'ओसाड माळाचे नंदनवन' एवढ्या वाक्यात मावत नाही. त्यांना जमीन मिळाली ती पत होती म्हणून. नांगर खपला तो शेतकऱ्याने पारखून घेतला म्हणून. भट्टी पेटत राहिली ती लोकांनी जुने लोखंड दिले म्हणून. उद्योजकाच्या चरित्रात ही माणसेही मोजावी लागतात.

१३/ १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. जमीन देणारा एका जिल्ह्यात राहिला, घेणारा दुसऱ्यात. नकाशावरची ती रेघ त्या दोघांमधल्या व्यवहारानंतरची आहे. तो व्यवहार समजून घ्यायचा तर ती क्षणभर पुसावी लागते.