गॅरेज नसलेल्या गल्लीतलं रॉक

उत्तम वाजवणाऱ्यांपेक्षा नुकतंच वाजवायला लागलेल्यांचं संगीत मला जास्त भावतं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. आमच्या गिरगावात घरोघरी भीमसेन आणि कुमार गंधर्व ऐकलेली माणसं. त्यांच्यासमोर असं काही बोललं की ती आधी आपल्याकडे बघतात आणि मग आपल्या आईवडिलांची कीव करतात. पण साठी उलटल्यावर आवडीनिवडीची लाज कसली बाळगायची? मला गॅरेज रॉक आवडतं. तीनच कॉर्ड, कारण चौथी येत नाही. ड्रमवाला घाईत, गाणारा त्याच्यामागे फरफटतोय, आणि चौघांच्याही मनात शंका म्हणून नाही.

या संगीताला नाव मिळालं ते अमेरिकेत. ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स तिथल्या टीव्हीवर एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात झळकले. सात कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं आणि गावोगावच्या पोरांनी वडिलांची मोटार बाहेर काढून गॅरेजमध्ये गिटारी लावल्या. त्याच्या आधीही असे ग्रुप होतेच. पोर्टलंडच्या ‘द किंग्जमेन’नी १९६३मध्ये ‘लुई लुई’ ध्वनिमुद्रित केलं. पण बीटल्सनंतर लाट आली. गावातल्या स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, गावातल्या रेडिओवर वाजवून घ्यायचं, शाळेच्या नाचाला वाजवायचं. बहुतेक ग्रुपची कीर्ती जिल्ह्याची वेस काही ओलांडायची नाही. १९७२मध्ये लेनी के या गिटारवादक-लेखकानं त्यांतली २७ गाणी निवडून ‘नगेट्स’ नावाचा दोन तबकड्यांचा संच काढला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की ही नुसती अडगळ नव्हती.

गिरगावात गॅरेज कुणाकडे असणार? आमच्या चाळीत तर सायकल ठेवण्यावरून भांडणं व्हायची. माझ्या धाकट्या मामाच्या ग्रुपला जागा मिळाली ती खोताच्या वाडीत, त्यांच्या ड्रमवाल्याच्या घरी. ईस्ट इंडियन कुटुंब, लाकडी जिन्याचं दुमजली घर, पुढे व्हरांडा. रविवारची मासची प्रार्थना आटोपून जेवणं झाली की त्या व्हरांड्यात हे चौघे जमायचे. मी सहा-सात वर्षांचा. आजीनं मला मामावर लक्ष ठेवायला पाठवलेलं असायचं आणि मामानं मला वायरी धरायला बसवलेलं असायचं.

त्या वायरींचं काम मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. परदेशी गिटार-अँप्लिफायर आणायचा तर आयातीचे निर्बंध. पैसे असले तरी वस्तू मिळायची नाही, आणि पैसेही नव्हते. गिटार कलकत्त्याची, साधी. तिच्या पोटात मामानं जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली चकती चिकटवलेली, लॅमिंग्टन रोडवरच्या भंगारातून आणलेली. अँप्लिफायर म्हणजे घरचा मर्फीचा व्हॉल्व्ह रेडिओ, चादरीत गुंडाळून आणलेला. त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर ग्रामोफोन जोडायला दोन भोकं असत. त्यांत गिटारची वायर खोचायची आणि ती निसटू नये म्हणून शेजारी आगपेटीची काडी ठोकायची; काड्या सोलून देणं हे माझं खातं. रेडिओची ताकद जेमतेम तीन-चार वॅटची. ड्रमपुढे तो ऐकू येईना म्हणून बटण शेवटपर्यंत पिळलेलं असायचं. कुवतीबाहेर ओढलेला व्हॉल्व्ह मग आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटून टाकतो आणि गोड गिटार करवतीसारखी खरखरते. लंडनला डेव्ह डेव्हिसनं ‘यू रिअली गॉट मी’साठी हीच खरखर मिळवायला स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला होता. मामाला ती न मागता मिळाली होती आणि ती कशी घालवावी याची त्याला काळजी होती.

शब्दांचाही तोच प्रकार. गाणी रेडिओ सिलोनवरून ऐकून उतरवलेली. लाटांबरोबर आवाज खालीवर व्हायचा, त्यामुळे अर्धे शब्द कानी पडायचे आणि उरलेले मामा रचायचा. त्यांना अर्थ नसायचा, पण ते इंग्रजीसारखे वाजायचे आणि वाडीतल्या आंटी सोडल्या तर हटकणारं कुणी नव्हतं. पुढे मी ‘लुई लुई’ची कथा वाचली तेव्हा मामाची आठवण येऊन फार हसलो. किंग्जमेनचा गायक छताजवळ टांगलेल्या माइककडे मान वर करून ओरडला होता, त्यामुळे त्याचे शब्द कुणाला कळले नाहीत. लोकांना वाटलं, त्यात नक्की काहीतरी अश्लील आहे. पार एफबीआयपर्यंत तक्रारी गेल्या. तबकडी वेगवेगळ्या गतीनं फिरवून तपास झाला आणि निष्कर्ष निघाला की यातलं काहीही समजत नाही.

मामाचा ग्रुप काही एकटा नव्हता. मुंबईत तेव्हा अशा ग्रुपचं पीक आलेलं होतं. कलकत्त्याहून ‘ज्युनिअर स्टेट्समन’ यायचं, त्यात या पोरांचे फोटो असायचे. इंपीरियल टोबॅको कंपनी आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या ग्रुपची ‘सिमला बीट’ स्पर्धा घ्यायची. मामाला तिचं तिकीट मिळालं होतं, आणि षण्मुखानंद सभागृहात पोरं खुर्च्यांवर कशी उभी राहिली होती, हे तो नंतर कित्येक वर्षं सांगत असे. आमच्या घरी या सगळ्याला जरा प्रतिष्ठा आली ती नंदू भेंडेंमुळे. ‘सॅव्हेजेस’ आणि ‘व्हेल्व्हेट फॉग’सारख्या ग्रुपमध्ये गाणारा हा केस वाढवलेला मुलगा आत्माराम भेंड्यांचा, म्हणजे आपल्यातला! १९७४मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडास झाला. चार वर्षांनी पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तोच रंगमंचावर गाताना दिसला, तेव्हा आजीनं मामाला मागचं सगळं माफ केलं. मात्र तोवर उशीर झाला होता.

मामाच्या ग्रुपनं गल्लीसमोर वाजवलं ते गणेशोत्सवात. पाचव्या दिवशीच्या कार्यक्रमात नकलाकार आणि सुगम संगीत यांच्यामध्ये त्यांना जागा मिळाली. सुरुवात ‘शॅडोज’च्या ‘अपाची’नं, कारण त्यात शब्दच नाहीत. पण लोक उठले ते ‘जान पहचान हो’ला. ‘गुमनाम’मधलं हे १९६५चं गाणं रफींचं, शंकर-जयकिशनचं, पडद्यावर मात्र गिटारी घेऊन मुंबईचाच ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’ हा ग्रुप उभा आहे आणि पुढ्यात मुखवटा घातलेली लक्ष्मी छाया मान झटकत नाचते आहे. २००१च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी सिनेमाची सुरुवातच या नाचानं होते. तो मी पाहिला तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला म्हणालो, “अरे, हे तर आमच्या मंडपात झालंय.” त्याला ती थाप वाटली.

मग ग्रुप फुटला. असे ग्रुप फुटायला मोठी कारणं लागत नाहीत. ड्रमवाल्याला गल्फमध्ये नोकरी लागली, बासवाल्याचे आईवडील ऑस्ट्रेलियाला निघाले, मामा एलआयसीत चिकटला. शहराची हवाही पालटत होती. हॉटेलवाल्यांना कळलं की पाच माणसांना जेवू घालण्यापेक्षा रेकॉर्ड लावणारा एकच माणूस स्वस्त पडतो. ज्यांना खरंच वाजवता येत होतं त्यांच्यापुढे फिल्म स्टुडिओंची वाट होती. गोव्याच्या वादकांनी ती आधीच रुळवून ठेवलेली होती. रेडिओ घरी परत आला. त्याच्या भोकांत काड्या मोडून बसल्या होत्या.

मला हे वेड पुन्हा भेटलं ते कॉलेजात. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली रॉकचे कार्यक्रम व्हायचे. १९८६पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झालं आणि पुढे तिथलंच झालं. आता ग्रुप जास्त तयारीचे होते, गिटारी चकचकीत होत्या, पण पब्लिकला हवी असायची ती परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. स्वतःचं गाणं वाजवायला घेतलं की मागून ओरडा सुरू. त्याच सुमारास गोव्याहून रेमो फर्नांडिसची ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट हाती आली. शिवोलीच्या घरी बसून चार ट्रॅकच्या यंत्रावर बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून त्यानं ती केली होती आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतःच पोचवली होती. हा गडी शाळेत असल्यापासून ग्रुपमध्ये वाजवणारा. त्याच्या त्या कॅसेटमध्ये त्याचं गाव होतं, गावातली भांडणं होती. रंगभवनातल्या सफाईदार नकलांमध्ये मी ज्याची वाट बघत होतो, ते मला अशा घरगुती कॅसेटमध्ये मिळालं.

पुढे बँकेतली नोकरी, बदल्या, संसार. जिथे जाईन तिथे जुन्या बाजारात रेकॉर्ड चाळायची सवय मात्र सुटली नाही. चोरबाजारात लताबाईंच्या आणि नाट्यगीतांच्या गठ्ठ्यांत बोटं काळी करत मी ‘सिमला बीट’ची तबकडी शोधत राहिलो. ती कधी सापडली नाही. अखेर ती गाणी मिळाली ती जर्मनीतल्या एका कंपनीनं काढलेल्या सीडीवर! मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’, शिलाँगचे ‘फेन्टोन्स’, कलकत्त्याचे ‘ग्रेट बेअर’. आपल्या पोरांचा हा गोंगाट जतन करावा असं सातासमुद्रापलीकडच्या कुणालातरी वाटलं, आणि आपण तबकड्या किलोवर विकल्या.

ती सीडी ऐकताना आठवलं, मामानंही एकदा कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणून वाडीत रीळ भरलं होतं. ते माळ्यावर मिळालं. दादरच्या एका माणसाकडून संगणकावर उतरवून घेतलं. गाणी सामान्यच. पण त्यांच्यामागे काय काय होतं! सगळ्यात खाली रेडिओची एकसुरी घरघर. ही घरघर विजेची असते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते, आपल्याकडे ५० वेळा, त्यामुळे तिथल्या अँप्लिफायरपेक्षा आपला जरा खालच्या सुरात गुणगुणतो. म्हणजे शब्द परके, चाल परकी, पण तळाचा सूर इथला. तिच्यावर लाकडी फळ्यांवर आपटणारा मामाचा पाय. मग चर्चची घंटा, कल्हईवाला, आणि गाणं ऐन रंगात असताना, “अरे पोरांनो, जरा हळू, बाळ निजलंय!” असं सांगून जाणाऱ्या आंटी. हळू कुणीही केलं नाही. बाळही उठलं नसावं, कारण आंटी परत आल्या नाहीत.

सफाईदार ध्वनिमुद्रणात नेमकं हेच नसतं. चांगला स्टुडिओ भिंतींना कापूस लावून जागा पुसून टाकतो. तिथलं गाणं कुठेही झालेलं असू शकतं. गॅरेज रॉकला तेवढे पैसेच नसतात, म्हणून त्याच्यात खोली शिरते, गल्ली शिरते, शेजारी शिरतात. पोर्टलंडच्या माणसाला ‘लुई लुई’ ऐकून जे होतं, ते मला ते रीळ ऐकून होतं. लोक म्हणतात हा सगळा गतकाळाचा उमाळा. असेल. पण मला जुनी गाणी परत नको आहेत. ती आज हाताच्या बोटावर आहेत. मला हेवा वाटतो तो मामाच्या वाट्याला आलेल्या शेजाराचा. वीस वर्षांच्या चार पोरांना चारचौघांत वाईट वाजवायची मुभा होती. आंटी वैतागायच्या आणि पाच वाजता चहाही पाठवायच्या. वाईट वाजवल्याशिवाय बरं वाजवता येत नाही, हे तिथे कुणी बोलून दाखवलं नसेल, पण पाळलं होतं.

आता खोताच्या वाडीतली बरीचशी घरं गेली. आमची चाळही गेली आणि तिच्या जागी टॉवर उभा राहिला. रंगभवनाला शांतता क्षेत्राच्या नियमांनी गप्प केलं, काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६मध्ये बंद झालं. पोरं आजही वाजवतात, पण खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून. ती शिकतायत की नाही हे सख्ख्या आईलाही कळत नाही. मात्र या टॉवरनं गिरगावाला एक गोष्ट नव्यानं दिली आहे. रहिवाशांच्या पायाखाली गाड्या ठेवायला अख्खे मजलेच्या मजले आहेत. आमच्या गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदाच आमच्याकडे गॅरेज आहे!

मागल्या वर्षी इमारतीतल्या तीन मुलांनी आणि एका मुलीनं सोसायटीकडे अर्ज केला, की पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर रिकाम्या कोपऱ्यात सरावाला परवानगी मिळावी. कमिटीत मीही आहे. दोन बैठका झाल्या. आगीचे नियम निघाले, विजेचं मीटर निघालं, ज्येष्ठ नागरिकांची दुपारची झोप निघाली. त्या ज्येष्ठांमध्ये मलाही धरलं होतं. शेवटी रविवार, चार ते सहा, असं ठरलं. पहिल्या रविवारी मी खाली जाऊन एका खांबाला टेकून उभा राहिलो. मुलगी ड्रमवर होती आणि फार पुढे पळत होती. गिटारवाल्याला चौथी कॉर्ड येत नव्हती. सिमेंटच्या छतावरून आवाज असा उलटून येत होता की गाण्याचा एक शब्द कळेना.

सेक्रेटरीसाहेब कानावर हात ठेवून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “काका, हे किती दिवस चालायचं?”

मी म्हणालो, “आपल्याकडचा अनुभव बघता, दोन-तीन वर्षं. मग कुणाला नोकरी लागते, कुणाला व्हिसा मिळतो. तेवढी काढू की.”